छापखाना अफियाच्या नावे करताना

मी, यॉ बोआहेन, वय एकाहत्तर, धंदा छपाई, राहणार आसाफो, कुमासी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अक्कल मात्र जागेवर आहे.

कलम १. कुटुंबाच्या घरातल्या माझ्या दोन खोल्या आईकडून चालणाऱ्या आमच्या कुळाच्या आहेत आणि कुळाकडेच जातील. जे माझे नाही ते देऊन मी उदारपणाचा आव आणत नाही.

कलम २. छापखाना मात्र मी स्वतः उभा केला आहे. आमच्या रीतीने तो माझ्या बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे भाचा क्वाकू याच्याकडे जायला हवा. भाचा गोड बोलतो, आणि भिंतीवर लावायचे, मृताचा फोटो असलेले शोकपत्रक संगणकावर असे सजवतो की मेलेला माणूस उठून बसावा. पण प्रूफ काढायचा, म्हणजे आधी एक नमुना कागदावर छापून बघायचा, त्याला कंटाळा. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, हे मी त्याला बारा वर्षे सांगत आलो. आमच्या चर्चच्या गायकवृंदाची पुस्तिका फोनवर निळी होती, छापून आली ती वांग्यासारखी जांभळी.

“मामा, पाळकांच्या फोनवर अजून निळीच दिसते,” हा त्याचा खुलासा.

“मग गायकांना त्या फोनमध्ये बघून गायला सांग,” मी म्हणालो.

सबब छापखाना, दोन्ही मशिने आणि माझी रंगवही मी माझी मुलगी अफिया हिला देत आहे. या वहीत चोवीस वर्षांत जमवलेल्या प्रत्येक रंगाचा छापील तुकडा चिकटवलेला असून, पडद्यावर तो कसा दिसतो आणि कोणती शाई कमी करावी, हे शेजारी लिहिले आहे. अफिया गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवते आणि वर उलट बोलते. हा गुण तिने माझ्याकडून घेतला.

कलम ३. क्वाकूला संगणकाचा मोठा पडदा द्यावा. फोनवर फिरणारी सगळी शोकपत्रके त्यानेच करावीत. तिथे त्याला तोड नाही, आणि तिथे कागद लागत नाही.

कलम ४. हे कलम मी टाळणार होतो. अफियाची आई अबेना गेली तेव्हा तिचे शोकपत्रक मीच तयार केले. पडद्यावर ती हसत होती, कपाळ चमकत होते. तिला कागदावर बघायचा धीर झाला नाही, म्हणून प्रूफ न काढताच मी काम मशीनवर चढवले. चारशे पत्रके निघाली, सगळ्यांवर चेहरा राखेसारखा. तिच्या बहिणींनी भिंतीपुढे उभे राहून विचारले, “ही कोण बाई?” मला अजून त्याची लाज वाटते.

अफिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने भिंतीवरची पत्रके उतरवली आणि मशीनपाशी येऊन काळी शाई कमी करत सात प्रूफे काढली. प्रत्येक प्रूफ ती बाहेर उन्हात नेऊन बघत होती. सातवे घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, आता आई आहे.” छापखाना त्याच दिवशी तिचा झाला, कागद आज होत आहे.

कलम ५. कुळाला हे पटले नाही, तर मृत्युपत्र कोर्टात टिकेल, पण अफियाला घरात कोणी टिकू देणार नाही. म्हणून साक्षीला क्वाकूच्या आईला, माझी थोरली बहीण अकोसुआ हिला बोलावले आहे. ती सही करेल की कागद फाडेल, हे लिहिताना मला ठाऊक नाही.

कुमासी, दिनांक १४ मार्च २०१९
सही: यॉ बोआहेन

साक्षीदार पहिले: जोसेफ अम्पोन्सा, वकील. सही.

साक्षीदार दुसरी: अकोसुआ बोआहेन. तिने पुढील मजकूर वकिलांकडून लिहून घेतला:

“मी हे दोनदा वाचून घेतलं. क्वाकू माझा मुलगा आहे, मला वाईट वाटणारच. यॉ, तुझी जीभ काही म्हातारी झाली नाही. पण मीही आता ऐंशीची झाले. माझं पत्रक क्वाकूला सजवू दे, हौसेनं सजवेल तो. छापायला मात्र अफियाला सांग. भिंतीवर मला मीच हवी.”

सही.