घरातले चित्र घरातच

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने शिंपीण. वय झाले असले तरी सुईत दोरा स्वतः ओवते. यावरून माझी बुद्धी व नजर ठिकाणावर असल्याचे समजावे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे आहेत, पण मी दबत नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात माझे दुसरे पती, घड्याळे दुरुस्त करणारे, यांनी हयातभर वापरावे. नंतर ते मुलगा व मुलगी यांना समान मिळावे. 'दुसरे पती' वाचून ज्यांच्या भुवया चढतील त्यांनी पुढचे कलम वाचावे.

२. पहिले पती वारल्यावर परगावी राहणाऱ्या मुलाने काळजीपोटी बैठकीत क्लाउडचा कॅमेरा बसवला. माझे चित्र कंपनीकडे, तिथून त्याच्या फोनवर आणि त्याने पासवर्ड दिल्यामुळे नणंदेकडेही जाई. मी पडदे बदलले की रंग आवडला नसल्याचा तिचा फोन. एका दुपारी घड्याळवाले पत्ते खेळायला आले असता कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, हे कोण तुझे?" त्यांनी पत्ते खाली ठेवले, कॅमेऱ्याला नमस्कार केला व म्हणाले, "तेच विचारायला आलोय."

मी दोघांना एकच उत्तर दिले.

३. मुलाने अबोला धरला. मुलीने क्लाउडचे खाते बंद करून दारावर आणखी एक कॅमेरा लावला आणि कपाटात रेकॉर्डरची पेटी बसवली. आता चित्रण घराबाहेर जात नाही. चोराने पेटीच उचलली तर, असे मुलाने बहिणीकरवी विचारले. प्रश्न रास्त आहे. उचललीच, तर त्याला आम्ही दोघे पत्त्यांवरून भांडताना दिसू. पेटी व पासवर्ड मुलीकडे राहावा. माझे चित्रण ह्यांनी मागितल्यास दाखवावे, मात्र जेवण झाल्यावर. एरवी ते जेवायचे विसरतील.

४. शिलाई यंत्र सुनेला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मी जिवंतपणी कबूल करणार नाही. नणंदेला ते पडदे.

५. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलगा न कळवता आला. तो दारात घुटमळत असलेला ह्यांना पेटीच्या स्क्रीनवर दिसला आणि हे अनवाणीच धावले. मुलगा खाली बघत म्हणाला, "काका, पत्त्यांत तिसरा भिडू चालेल?"

जागा भरली की पेटी जुने चित्रण पुसते. त्या संध्याकाळचे मुलीने वेगळे काढून त्याची प्रत भावाला द्यावी. त्याने ती खुशाल क्लाउडवर ठेवावी. माझी हरकत नाही.

सही: शिंपीण
साक्षीदार: आमच्या डॉक्टरबाई; वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल (शुद्धलेखनही त्यांनीच तपासले)
ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: मुलगा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी