दुसऱ्या बाजूचे ड्रम

१ सप्टेंबर, रविवार. एडिनबरा

आजपासून ठरलं. रोज एक नवा अल्बम, महिन्यातून दोन लाइव्ह शो, आणि प्रत्येकावर या वहीत प्रामाणिक मत. इंडी आणि पोस्ट-रॉकवर मराठीत लिहिणारा स्कॉटलंडमध्ये दुसरा कोणी नाही. बहुधा जगातही नसावा. इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा जॉब आहे, पण कान हा माझा पिंड आहे. हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. कल्याणी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, कान हा पिंड नसतो, अवयव असतो.

पहिला अल्बम: वेट कार्डिगन या बँडचा दुसरा. पहिलं गाणं अकरा मिनिटांचं. नऊ मिनिटं वाटतं की माणूस गिटार ट्यून करतोय. दहाव्या मिनिटाला कळतं, तेच गाणं होतं. धाडसी. चार स्टार.

४ सप्टेंबर, बुधवार

सोमवार-मंगळवार ऐकणं झालं नाही. ऑफिसात रिलीज होतं. शिवाय रोज ऐकल्याने कान बोथट होतात. नवा नियम: आठवड्याला तीन अल्बम, पण खोलात जाऊन.

७ सप्टेंबर, शनिवार

ग्लासगोहून राकेशचं पार्सल. राकेश माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो नागपूरचा, मी पुण्याचा. पुण्यात एका खोलीत राहायचो, एका बँडमध्ये गिटार वाजवायचो. पुढे मी गिटार सोडली, कारण मला वाजवण्यापेक्षा समजून घेण्यात रस होता. त्याने सोडली नाही. दिवसा तो शहराच्या कौन्सिलच्या आयटीत काम करतो आणि चार वर्षं घरातल्या छोट्या खोलीत एक अल्बम करत होता. आता रेकॉर्ड निघाली. खरीखुरी, काळी, तव्याएवढी. पांढऱ्या कव्हरवर फक्त एक शब्द: 'लीला'.

सोबत चिठ्ठी. वीस ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, ग्लासगोच्या एका रेकॉर्ड शॉपमध्ये तो वाजवणार आहे. सुरुवातीला मी दोन शब्द बोलावेत. पुढे लिहिलंय, 'परीक्षित, आईला ओळखणारा माणूस बोलला तर मला बरं वाटेल.' आईचा इथे काय संबंध ते कळलं नाही. कलाकार अशा वेळी भावनिक होतात. मी समजून घेतलं.

त्याची आई गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. मी तेव्हाच सांत्वनाचा मेसेज लिहायला घेतला होता. ड्राफ्टमध्ये आहे. एक-दोन वाक्यं अजून जमत नाहीयेत.

८ सप्टेंबर, रविवार

टर्नटेबल आणलं. जोडलं नाही. मॅन्युअलमध्ये म्हटलंय की पृष्ठभाग पूर्ण सपाट हवा. आपलं टेबल खिडकीकडे किंचित उतरतं. अशा टेबलावर मित्राची चार वर्षांची मेहनत ऐकणं हा तिचा अपमान होईल. रेकॉर्डचं प्लॅस्टिकही मुद्दाम फोडलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

लाइव्ह शो क्रमांक एक. इथल्याच लीथ भागातला चर्चचा हॉल, दुपारी तीन वाजता. तनूला घेऊन गेलो. मुलगी चौदा वर्षांची आहे, तिच्यावर सांगीतिक संस्कार व्हायला हवेत. चार जण प्रेक्षकांकडे पाठ करून अर्धा तास एकच सूर वाजवत होते. मी तनूला समजावून सांगितलं की हे जागतिक एकटेपणाचं चित्रण आहे. ती म्हणाली, "बाबा, ते साउंडचेक होता."

शो नंतर सुरू झाला. तो साउंडचेकइतका चांगला नव्हता. अडीच स्टार.

२२ सप्टेंबर, रविवार

राकेशचा फोन. ऐकलीस का, म्हणाला. मी म्हटलं, अजून आत मुरतेय. तो म्हणाला, "तुला त्रास झाला असेल ना रे ऐकताना? मलाच करताना झाला." मी म्हटलं, खूप. हे खोटं नाही. टर्नटेबलचा त्रास झालाच आहे. सपाटी मोजायच्या तीन स्पिरिट लेव्हल वापरून पाहिल्या, तिघींचं एकमेकींशी पटत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

नॉर्थ ऑफ द बस स्टेशन: पदार्पणाचा अल्बम. पत्रकात म्हणे, औद्योगिक शहराच्या उद्ध्वस्त आठवणी. ऐकताना वाटलं, शेजारी वॉशिंग मशिन लावलंय. मशिन खरंच लावलं होतं. ते बंद झाल्यावर अल्बम उघडा पडला. दोन स्टार.

कल्याणी म्हणाली, राकेशची ऐकून घे आधी. मी म्हटलं, जवळच्या माणसाचं काम ऐकताना समीक्षकाने अंतर ठेवायचं असतं. ती म्हणाली, "ग्लासगो पन्नास मैलांवर आहे. बास झालं तेवढं अंतर."

१३ ऑक्टोबर, रविवार

भाषण सुरू केलं. इंग्रजीत, कारण लोक तिथले असणार. रेकॉर्ड ऐकायच्या आधी लिहिलेलं भाषण जास्त निर्मळ होतं, कारण तपशील आड येत नाहीत. शिवाय अल्बमची रचना साधारण ठरलेली असते. पहिली बाजू प्रश्न विचारते, दुसरी बाजू उत्तर देते. पंचवीस वर्षं ऐकतोय, मला माहीत आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज ऐकणारच होतो. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडेही घातले. मग वाटलं, शोच्या आदल्या दिवशी ऐकून लाइव्ह अनुभव शिळा कशाला करायचा? भाषण मात्र आरशासमोर चार वेळा म्हटलं. 'लीला' या शब्दावर दोन मिनिटं घेतली आहेत. ईश्वराची क्रीडा, विश्वाचा खेळ वगैरे. इथल्या लोकांना आवडतं.

२० ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.१०, ग्लासगो

घाईत लिहितोय, पण हे नोंदवायलाच हवं. अभूतपूर्व यश!

दुकानात चाळीसेक लोक होते. दुकानाची मालकीण मोराग हिने ओळख करून दिली, आणि मी उभा राहिलो. ईश्वरी क्रीडेला लोक शांत होते, विचारात पडले असणार. मग मी म्हटलं, पहिली बाजू चांगली आहे, पण खरा राकेश भेटतो तो दुसऱ्या बाजूला. हशा! मी जरा थांबलो आणि म्हटलं, दुसरी बाजू मी तीन वेळा ऐकली, आणि दर वेळी तिच्यात नवीन काहीतरी सापडलं. आणखी हशा. शेवटी समीक्षकाचा प्रामाणिकपणा म्हणून म्हटलं, एकच तक्रार आहे, दुसऱ्या बाजूला ड्रम जरा जास्त झालेत. एक दाढीवाला अक्षरशः शेल्फला धरून हसला. मोरागने डोळे पुसले.

इतकी वर्षं या देशात आहे, पण माझा विनोद इथे आज पहिल्यांदा पोचला. राकेश तेवढा हसत नव्हता. गिटारची वायर हातात धरून खाली बघत होता. नर्व्हस असणार.

तो वाजवत असताना मी बाहेर फुटपाथवर होतो, कारण दाढीवाला मला सोडेना. त्याचं एक मासिक आहे. म्हणाला, असा मख्ख चेहरा ठेवून बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आमच्यासाठी लिही. काचेतून आतलं दिसत होतं. कल्याणी आणि तनू पुढच्या रांगेत. तनूने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. कंटाळली असेल.

तोच दिवस. रात्री, घरी

राकेश निरोप न घेता आत निघून गेला. ट्रेन सुटल्यावर मी तनूला विचारलं, माझं भाषण कसं झालं?

तनूने दुकानातून रेकॉर्ड घेतली होती. तिने ती कव्हरमधून काढली आणि माझ्यासमोर धरली. एका बाजूला रेघा होत्या. मग उलटी केली. ती बाजू गुळगुळीत होती. माझा चेहरा दिसत होता तिच्यात.

"बाबा, दुसरी साइडवर काहीच नाहीये. तो रिकामा आहे. ऑन पर्पज."

मी म्हटलं, म्हणजे?

मग कल्याणी बोलली. खिडकीबाहेर बघत, अगदी हळू. "त्याची आई दर रविवारी त्याला व्हॉइस नोट पाठवायची. त्या नोट्सभोवती त्याने गिटार वाजवलीये. शेवटची नोट संपली की पहिली बाजू संपते. पुढे काही नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला काही नाही. वाजवायच्या आधी त्याने हे सगळं सांगितलं. तू बाहेर होतास."

पुढे म्हणाली, "आणि काकूंचं नाव लीलावती होतं. ईश्वरी क्रीडा म्हणे. निदान त्या घरासमोर तरी हे बोलायचं नव्हतंस. त्या माउलीने जन्मभर आंबेडकर जयंतीला वस्तीतल्या पोरांची भाषणं बसवली."

एडिनबराच्या वेव्हरली स्टेशनवर पाऊस होता. छत्री कोणाकडेच नव्हती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नीट विचार केल्यावर असं दिसतं की रिकामी बाजू ही एक संकल्पना आहे, आणि संकल्पनेवर भाष्य करायला ती ऐकावी लागत नाही. त्या अर्थाने माझं विधान चुकीचं नव्हतं.

ड्रमचं चुकीचं होतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

राकेशला तीन फोन केले. उचलले नाहीत. तो कामात असेल. कौन्सिलला सध्या खूप काम असतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

राकेशला माफीची ईमेल लिहिली. अकराशे शब्द. पाठवण्यापूर्वी कल्याणीला दाखवली. तिने उभ्याउभ्या वाचली. म्हणाली, "यात पहिल्या सहा परिच्छेदांत काय आहे?" मी म्हटलं, पार्श्वभूमी. ती म्हणाली, "आणि शेवटी तू त्याला सांगतोयस की रिकाम्या बाजूची कल्पना मूळ नाही, आधी कोणीतरी केलीये." मी म्हटलं, संदर्भ द्यायला हवा.

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि कणीक मळायला गेली. ईमेल पाठवली नाही. काकूंच्या वेळचा ड्राफ्ट वर, हा खाली. आता दोन झाले.

२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी

कल्याणी ड्यूटीवर, तनू मैत्रिणीकडे. तनूच्या रेकॉर्डला हात लावायचा नाही अशी चिठ्ठी तिच्या दारावर आहे. माझी काढली. प्लॅस्टिक नखाने फाडलं. टर्नटेबल जमिनीवर ठेवलं. जमीन सपाट आहे. हे आधी सुचायला हवं होतं.

पहिल्यांदा खरखर, मग काकूंचा आवाज. "राकेश, उठला का बाप्पा? थंडी असन तिकडं. स्वेटर घाल." मागून गिटार इतकी हळू येते की आधी कळतच नाही. काकू भाजीवाल्याची तक्रार करतात, मीटरचं बिल सांगतात, खोकतात. प्रत्येक नोटच्या शेवटी म्हणतात, "ठेवतो मग. जय भीम." आणि तो 'भीम' गिटार उचलून धरते, पुढची नोट येईपर्यंत.

मध्ये एकदा म्हणाल्या, "कल्याणीनं सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम करून राहिली मी. आन् तो परीक्षित भेटते का? लय बोलते तो पोरगा. पण मनानं बरा आहे."

त्या तीनदा ग्लासगोला आल्या होत्या, तेव्हा राकेशच्या किचनमध्ये मला समोर बसवून त्यांनी पाटवडी खाऊ घातली होती. तिन्ही वेळा. मी जेवताना काय बोलत होतो, आठवत नाही. पण बोलत होतो, हे नक्की.

शेवटच्या नोटमध्ये आवाज फार बारीक आहे. स्वेटरचंच विचारतात. मग 'जय भीम' नाही. हॉस्पिटलमधलं कुठलं तरी मशिन वाजतं, आणि सुई उचलली जाते. एकवीस मिनिटं.

मत: 

३ नोव्हेंबर, रविवार

काल 'मत' लिहून पुढे काहीच लिहिलं नाही. आजही सुचत नाही. दोन्ही ड्राफ्ट डिलीट केले. राकेशला मेसेज पाठवला: 'काल पहिल्यांदा ऐकली. आधी ऐकली नव्हती. काकू गेल्या तेव्हा फोनही केला नाही. चुकलं.'

पाठवल्यावर पाहिलं, एकही विशेषण नव्हतं.

दुपारी उत्तर आलं. 'माहीत होतं बे. पुढच्या रविवारी ये. जेवायला.'

१० नोव्हेंबर, रविवार. परतीच्या ट्रेनमध्ये

राकेशने पाटवडी केली होती. काकूंसारखी झाली नव्हती, फुटली होती. मी काही बोललो नाही. त्याने विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, फुटलीये. तो म्हणाला, "बरोबर."

जेवण झाल्यावर त्याने रेकॉर्ड लावली. मग उलटी केली आणि रिकाम्या बाजूवर सुई ठेवली. सुई घसरत राहिली, आम्ही बसून राहिलो. मला तीनदा काहीतरी म्हणावंसं वाटलं. एकदा तर तोंडही उघडलं. राकेशने नुसतं पाहिलं. मिटलं.

निघताना म्हणाला, तीस नोव्हेंबरला एडिनबराला शो आहे, लीथच्या त्या चर्च हॉलमध्ये. आधी दोन शब्द बोलायचे आहेत. मी खिशातून पेन काढलं. तो म्हणाला, "कल्याणी बोलणार आहे. तिला कालच विचारलं."

मग माझं काय, म्हटलं.

मी दारात उभं राहायचंय. आत येणाऱ्यांच्या मनगटावर शिक्का मारायचा. बोलायचं काही नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. शिक्का आत्ताच बरोबर दिला आहे, डबीसकट. ट्रेनमध्ये हातावर एकदा मारून पाहिला. उलटा बसला.