टाळूखालचा दाणा

७ डिसेंबर

गेली! पुन्हा गेली! पाखराच्या कवटीचं टोपण उचललं आणि खाली बघते तर जागा रिकामी. पीनियल ग्रंथी वरच्या आवरणाला चिकटून टोपणासोबतच निघून आली होती. मी भिंग लावून मेंदूत शोधायलेय आणि ती माझ्याच चिमट्यात लोंबकळायलीय! माझे गाईड गुरुबसव सर मागं उभे. "मंजुश्री, घाई नको. आधी कडेनं आवरण सोडव, मग टोपण." आधीच कुरव, हे पाण्यावरचं पाखरू, मिळायची मारामार. मेलेलाच हवा, वन खात्याची तशी अट. आणि मिळालेला मी असा वाया घालवते.

डोकं दुखायलंय. फॉर्मालिनचा वास.

११ डिसेंबर

जमलं!! मेंदूचे दोन मोठे भाग पुढं, लहान मेंदू मागं, आणि मधल्या तिकोनी फटीत ती. फिकट, ज्वारीच्या कणीएवढी. खाली बारीक देठ, तो आत खोल गेलेला. वरचं हाड इतकं पातळ, की खिडकीशी धरलं तर उजेड आरपार. तोच उजेड तिला लागतो. दिवस लहान झाला का मोठा, परतायची वेळ झाली का, हे पाखराला नुसत्या डोळ्यांनीच कळतं असं नाही. समुद्रावरच्या काही पाखरांत ती आणखी मोठी असते म्हणे. आमच्याकडं समुद्र कुठला! अप्पा तर सगळ्यांना सांगतात, "आमची पोरगी बिदर जिल्ह्यात समुद्राची पाखरं धुंडायलीय."

आपल्यातही असते ती. पण खोल, मेंदूच्या मधोमध, अंधारात. लायब्ररीतून माणसाच्या मेंदूचं पुस्तक आणलंय.

१२ डिसेंबर

वाचायला नको होतं.

तिथं गाठ झाली तर डोकं दुखतं. सकाळी उलटी होते. एकाचे दोन दिसतात. आणि खालचा भाग दबला की नजर वर जाईनाशी होते. माणूस मान वर करतो, डोळे वर जात नाहीत. जास्त करून तरुण माणसांत.

मी सव्वीसची. डोकं तर रोज दुखायलंय.

आरशासमोर उभी राहून वर बघितलं. गेले डोळे वर. पण दुखले! दुखायला नको ना?

१४ डिसेंबर

घरी आले. भालकीपासून खटकचिंचोळीपर्यंत बसमध्ये नुसती विजेच्या तारांकडं बघत होते. जातात डोळे. आता जातात. उद्याचं कुणी सांगावं?

आईला एवढंच सांगितलं, डोकं दुखतं. "टाळू कोरडी पडली तुझी. बस इथं." एरंडेल घेऊन बसली. "तान्ही असताना अशीच भरायची तुझी टाळू. लय रडायचीस." तिचं बोट टाळूवर फिरायलं आणि त्या बोटाखाली हाड, आवरण, फट, सगळं मला दिसायलं. उठून गेले मी. आई बिचारी वाटी घेऊन तशीच बसली.

धन्याला मात्र सगळं सांगितलं. धाकटा भाऊ असला तरी गुपित ठेवतो. भालकीतलं मोबाईलचं दुकान बंद करून आताच आला होता. हसून हसून लोळला! "अक्का, पाखरांची डोकी फोडून फोडून तुझंच डोकं फिरायलंय." तरी मी म्हटलं तसं केलं. माझी हनुवटी धरून ठेवली, बोट हळूहळू वर नेलं. "जातायत की गं! खालचं पार पांढरं दिसायलंय. म्हशीवानी!"

जीव भांड्यात पडला. तासभर.

१५ डिसेंबर

धन्या आणि मी कारंजा धरणावर गेलो. जाळं टाकणाऱ्या इरप्पांचा फोन होता, एक कुरव अडकून मेलाय. त्यांनी पोत्यात गुंडाळून ठेवलेला. "ताई, ह्याच्या डोक्यात काय सोनं हाय व्हय?" काय सांगू त्यांना!

पाण्यावरून एक कुरव आमच्या डोक्यावर आला. "ते बघ!" म्हटलं. धन्यानं सगळी मान मागं टाकली, डोक्यावरची टोपी पडली. "दोन हाईत." "एकच आहे रे." "दोन हाईत म्हणलं ना!" कायम फिरकी घेतो माझी. मी मात्र घाबरून पुन्हा बघितलं. मला एकच दिसला. देवा, एकच असू दे.

परतल्यावर धन्याच्या कपाळाला दाराची चौकट लागली. आई ओरडली, "उंटावानी वाढलास, वर बघून चाल की!"

१६ डिसेंबर

डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं. मी तर दोनच घेतल्या होत्या. की जास्तच घेतल्या? आठवत नाही. विसरणं हेही लक्षणच असेल का?

२२ डिसेंबर

परत गुलबर्ग्यात, प्रयोगशाळेत. काम होईना. भिंगाखाली पाखराची ग्रंथी ठेवते आणि स्वतःची दिसते. सुरी बाजूला ठेवली, सरांनी विचारलं तर थंडी वाजते म्हटलं मी.

खोलीतली रेणुका वैतागली. "दिसभर बुबळं वर फिरवत बसलीस तर डोळे दुखणारच की! कुणाचेबी दुखतील." खरं आहे. पण पुस्तकातलं खोटं आहे का?

मरायची भीती वाटते. लिहून टाकलं. खूप वाटते.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. सगळं घर शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव, नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. दरवर्षी मी पहिली झोक्यावर. यंदा हिंमत झाली नाही. धन्याला म्हटलं, तू बस. "नको. गरगरतंय." सकाळी त्याला उलटी झालेली. अप्पा चिडले होते, "रात्री दोस्तांसंगं काय खाल्लास ते सांग!" तरी शेतभर आंबील शिंपडायला गेला. पिकाच्या तासात दोनदा अडखळला, अर्धी आंबील स्वतःच्याच पायावर. बायका हसल्या. आई म्हणाली, "पांडवांच्या आधी ह्यालाच पोचली!"

मी पांडवांपुढं बसून एकच मागितलं. माझ्या डोक्यात काही नसू दे.

मग राहवलं नाही. बांधावर अप्पांना गाठून सगळं सांगितलं. उंडा हातातच राहिला त्यांच्या. "इतके दिस एकटीच घाबरायलीस? कामून सांगितलं न्हाईस?" रागावतील वाटलं होतं. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. "गुलबर्ग्यात डोक्याचा फोटो काढू. धन्याला संगं ने."

३ जानेवारी

काढला. त्या नळकांड्यात घालायच्या आधी कानातलं, बांगड्या सगळं काढायला लावलं. धन्या रुमालात बांधून घेऊन बसला. आत धडाधडा आवाज. डोळे मिटून आईचं बोट आठवत होते. बाहेर आले तर हा भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेला. "झोपलास?" "न्हाई गं. तुझ्यामुळं माझंबी डोकं दुखायलंय." माझ्या काळजीनं! किती बोलते मी ह्याला.

४ जानेवारी

काही नाही! काहीच नाही!! डॉक्टरांनी फिल्मवर दाखवलं. हा बघा तुमचा दाणा, अगदी नीट. चष्म्याचा नंबर काढा म्हणाले, आणि पुस्तकं कमी वाचा. मी जिन्यात बसून मोठ्यानं रडले. धन्यानं अप्पांना फोन लावला. तिकडून कितीतरी वेळ नुसतं खोकणं.

उद्या घरी. आईकडून टाळू भरून घेणार. उठून जाणार नाही.

५ जानेवारी

आईचं तेल झालं. धन्या तिच्यापुढं माझी नक्कल करायला लागला, आरसा, बुबळं, सगळं. आई पोट धरून हसली. मग माझ्यापुढं येऊन बसला. "आता माझं बघ की डॉक्टरीणबाई!"

हनुवटी धरली. बोट वर नेलं.

"नाटकं करू नको. वर बघ."

"बघायलोय की."

पुन्हा नेलं. मान मागं जायला लागली त्याची. घट्ट धरली मी. डोळे समोरच राहिले.

"धन्या, वर."

"बघायलोय म्हणलं ना! कामून गप झालीस, अक्का?"