बाहुलीच्या पोटातल्या गोळ्या

घरधन्यांना,

मी बरी आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना, की शेजारीण विचारेल म्हणून ओट्यावर बसून राहता? गुडघ्याला तेल लावत जा.

आपल्या भिंगरीला हिवताप झाला होता. घाबरू नका, उतरलाय. दवाखान्यातून दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या दिल्या. जहर कडू. पहिली तर नातीनं माझ्याच लुगड्यावर ओकली. नर्स म्हणाली, "ओकली तर परत द्या, आणि बरं वाटलं तरी मधेच सोडू नका." लेक दिवसभर कारखान्यात शिवायला बसते, म्हणून गोळ्या मीच दुधाबरोबर देत होते.

ताप गेला, पोर नाचायला लागली. आज तिच्या बाहुलीचं उसवलेलं पोट शिवायला घेतलं, तर आत चिंध्यांना चिकटलेल्या गोळ्या. गालात धरून ठेवायची बया.

"तिलापण ताप होता, आजी," म्हणते.

पोर बाहुलीसकट तशीच उचलून दवाखान्यात आणली. नर्स रागावली असती तर बरं होतं. तिनं बाहुलीतल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाली, "औषध अर्धवट गेलं तर ताप उलटतो. रक्त बघून सांगते."

बाकावर बसून लिहितेय. भिंगरी मांडीवर बसून बाहुलीला दटावतेय, "गिळ. आता तोंड उघडून दाखव."

तिचं कपाळ गार लागतंय, पण माझ्या हाताचा मला भरवसा वाटेना. तुमचा हात इथं हवा होता.

तुमच्याच घरची,
मी