पाच पाय

१५ नोव्हेंबर १९६१
आज दिग्रसजवळच्या या गावी दवाखान्याची नर्स म्हणून रुजू झाले. खोली ऐसपैस आहे. खिडकीतून पांढरंशुभ्र कापसाचं शेत आणि पलीकडे लमाणांचा तांडा दिसतो. नवा चिमटा, पिचकारी, गोडेतेलाची बाटली, सगळं कपाटात ओळीनं मांडलं. दारावर पाटी लावून घेतली : नर्स प्रभावती. चारदा बाहेर जाऊन वाचली, खोटं कशाला बोलू!

१९ नोव्हेंबर
वेचणीच्या दिवसांत मुलं कापसाच्या ढिगावर निजतात आणि कानात किडे जातात. आज तीन मुलं माझ्या दारावरून तांड्यात नेली. तिथली सुखीबाई मुलाला मांडीवर घेते, ओढणीवरच्या आरशानं कानात ऊन पाडते आणि किडा उजेडाकडे चालत बाहेर येतो. नाहीच आला तर कोमट तेलाचे थेंब. आम्हालाही हेच शिकवलं होतं, कानात काही खुपसायचं नाही. मग मी इथे माश्या मारत बसू? हेवा वाटतो मला तिचा. रोजनिशीपासून काय लपवायचं.

२३ नोव्हेंबर
म्हातारी सुखीबाई भाजी घेऊन आली. म्हणाली, "काई अडलं तं मले सांगजो, पोरी." मला! अंगाचा तिळपापड झाला. भाजी तशीच सुकू दिली.

२६ नोव्हेंबर
कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर रहेमान आपल्या पाच वर्षांच्या अकीलाला घेऊन आला. कानात किडा, आणि पहिल्यांदा माझ्याकडे! तेल कोमट होईपर्यंत तो थांबेना, तांड्याकडे बघू लागला. मी चिमटा घातला. पोर किंचाळली. किडा आत सरकला, चिमट्यात सहांतला नुसता एक पाय आला. तोच दाखवून सांगितलं, निघाला.

२७ नोव्हेंबर
सकाळपासून माझ्या उजव्या कानात खरखर. तेल घातलं, पिचकारी मारली. काही निघालं नाही.

२९ नोव्हेंबर
अकीलाला ताप. कानातून पू येतोय. तिची आई हजराबी विचारत होती, सुखीबाईकडे नेऊ का. मी ओरडले, नेलंत तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. तिथे किडा निघाला तर माझं काय राहील?
खरखर नव्हे, चाल आहे ती. पावलं मोजली. पाच.

१ डिसेंबर
पदरानं तोंड झाकून तांड्यात गेले. म्हातारीनं माझ्या कानात ऊन पाडून पाहिलं. म्हणाली, "तुहा कान साफ हाये." मग हळूच विचारलं, "कोन्या लेकराच्या कानात ठेवला तू?"
पळत आले.

२ डिसेंबर, दुपार
रहेमान आणि हजराबी पोरीला उचलून तांड्याकडे गेले. खिडकीतून दिसतंय. म्हातारीनं मांडीवर घेतलं. आरसा चमकला.
देवा, निघू नये. तिच्या हातून निघू नये—
माझ्या खोलीत ऊन नाही. तरी कानात ऊन—
तिकडे अकीला उठून बसली. हसतेय. आईला बिलगली—
आणि माझ्या कानात तो उजेडाकडे पाठ करून— मीच म्हटलं ना, निघू नये—
आत. अजून आत. पाच पाय. डोळ्याच्या मागे—
सुखीबाईला हाक मारू? एक हाक मारली तर ती