उशीतली पावलं

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

शिवणयंत्रावरून मान वर करायला फुरसत नाही म्हणून उत्तराला उशीर झाला. लगेच कांगावा करू नकोस.

चिमणी सहा वर्षांची झाली, पण पोरीच्या अंगात त्राण नाही. चेहरा पांढराफटक, जीभ लालभडक, चार पायऱ्या चढली की धापा टाकते. माझ्या सुईत एका फटक्यात दोरा ओवायची. आता दोरा सुईच्या शेजारून जातो.

आणखी एक. दुपारी निजवलं की म्हणते, उशीत कोणीतरी चालतंय. एक पाऊल जड, एक हलकं. मध्येच थांबतं आणि किल्ल्या वाजतात. हे गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्यांच्या लंगडण्याबद्दल, दारापाशी थांबून किल्ल्या वाजवायच्या सवयीबद्दल मी तिच्यापाशी चकार शब्द काढलेला नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कांगाव्याचा मान थोरल्यांचा, मी कोण!

अगं, इस्पितळात मी दिवसभर तेच ऐकते. मुलांच्या मानेवर यंत्राची कांडी टेकवायची आणि रक्त कसं वाहतंय ते ऐकायचं. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडलं की रक्त पातळ होतं. मग हृदय ते जोरजोरात पळवतं आणि मानेतल्या शिरा वाजू लागतात. उशीवर कान टेकला की मुलांना ते ऐकू येतं. मागे एक पोर म्हणालं, माझ्या कानात कोणीतरी कपडे आपटतंय.

भाऊजी गेल्यापासून तुमच्या घरात दूध नाही, अंडं नाही. कोरा चहा आणि पाव, एवढ्यावर दोघी दिवस काढता. तिचं रक्त उद्याच तपासून घे. इंजेक्शनांनी पोर खडखडीत बरी होईल. किल्ल्यांचं मात्र मला सांगता येत नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझंच खरं ठरलं, मिरव आता. पाच इंजेक्शनं झाली. गालांवर रंग आलाय, भूक लागते.

पावलं मात्र लांब चालली आहेत. परवा म्हणाली, आई, ते आता जिन्यापाशी गेले. काल म्हणाली, खाली उतरतायत. मी उठून जिन्याकडे बघून आले.

नर्सबाई सुट्टीवर आहेत, पुढची इंजेक्शनं सवडीने बघू. काळजी नको.

तुझी ताई

२० मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मध्ये तुझी दोन पत्रं आली, दोन्हींत नुसतं हवापाणी. आज चिमणीची चिठ्ठी आली. अक्षरं वाकडीतिकडी. लिहिते, बाबा परत आले, आई खूश आहे, माझ्या पायाला मुंग्या येतात.

ती नर्स माझ्याच वर्गातली, तिला विचारलं. एक दिवसही सुट्टीवर नव्हती; इंजेक्शनं तूच थांबवलीस.

ताई, मी रागावलेय आणि रडतेही आहे. भाऊजी मलाही हवे होते. पण ती पावलं त्यांची नाहीत. तुझ्या पोरीचं हृदय जीव तोडून धावतंय, त्याची आहेत. उशीर झाला तर नसा पुन्हा जाग्या होत नाहीत. गेलेल्याला थोपवायच्या नादात हातातलं पोर घालवशील.

आणि पावावर तूही जगतेयस. स्वतःचंही रक्त तपास.

हे पत्र वाचून उठायचं ते थेट दवाखान्यात जायला.

तुझी धाकटी

२८ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

त्याच दिवशी उठले. मी काय करून बसले होते, याची माझी मलाच लाज वाटते. इंजेक्शनं नियमित चालू आहेत, घरात दूध येतं. मुंग्या थांबल्या. काल तिने पहिल्याच झटक्यात सुई ओवून दिली आणि मी तिला पोटाशी धरून रडले.

आज दुपारी ती उशीला कान लावून बराच वेळ पडली होती. मग म्हणाली, इथे आता कोणी नाही, ते तुझ्याकडे गेले.

माझं डोकं दुपारी कधी उशीला लागतं? तिच्यासाठी म्हणून टेकलं. एक जड, एक हलकं. जिना चढून वर येत होतं.

माझाही रिपोर्ट आलाय. हा आवाज रक्ताचाच आहे, ते पातळ झालंय, सगळं कळतं मला. उद्या सकाळी दहाला माझं पहिलं इंजेक्शन, आणि मी जाणार आहे. तुझी शपथ.

आजची दुपार तेवढी मला दे. ते दारापाशी थांबलेत, किल्ल्या अजून वाजायच्या आहेत.

तुझी ताई