बेसमेंटची ओली भिंत

बाबा, काल बेसमेंटमधलं तुमचं प्लायवुड काढलं. तुमची परवानगी घ्यायचा प्रश्न नव्हता. तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हांला फारसं काही सांगत नव्हतेच. पण ती भिंत पाहिल्यापासून नुसतं चिडून बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

मोहालीतली नोकरी मी यंदा सोडली. आता घरूनच काम करायचं, आणि चंदिगडात ऑफिससाठी जागा भाड्यानं घेणं मला झेपणारं नाही. खाली एवढी जागा पडून आहे, ती थोडक्या खर्चात नीट करून घ्यावी असं ठरवलं. फरशी आहे तीच घासून ठेवायची, दार जुन्या लाकडाच्या दुकानातून आणायचं, रंग मी स्वतः द्यायचा. सेक्टर २२ मधल्या हार्डवेअरवाल्यानं एक मिस्त्री सुचवले, साठीचे, कमी बोलणारे सरदारजी. त्यांनी पहिली फळी उचकटली आणि आम्ही दोघंही मागं सरलो. विटांवर काळी बुरशी, आणि प्लास्टर बोट लावताच पिठासारखं गळायला लागलं. मिस्त्रीजींनी भिंतीवरून खालून वर हात फिरवला, मग जिना चढून बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ते भिंतीलगतच्या वाफ्यात, आई अजून रोज पाणी घालते त्या तुमच्या गुलाबांपाशी उभे. म्हणाले, "मॅडम जी, पानी तो यहाँ से जा रहा है. रोज क्यारी सींचोगे, तो दीवार बेचारी क्या करेगी?"

दहावीचं वर्ष. सहामाहीला मी गणितात नापास झाले आहे आणि तुम्ही माझं टेबल खाली हलवता आहात. वर टीव्ही आहे, मैत्रिणींचे फोन आहेत. खाली काहीच नाही, म्हणून खाली. शाळेतून आलं की जेवणाची हाक येईपर्यंत मी तिथं. महिनाभरात खोकला सुरू झाला. एका रविवारी पोहे खाताना मी म्हटलं, "बाबा, खाली कसला तरी वास येतो. मला दम लागतो." तुम्ही बशीतून वर पाहिलंही नाहीत. "फौजीच्या पोरीला ही नाटकं शोभत नाहीत. अभ्यास नको असला की सगळ्यांनाच दम लागतो." मी पोहे संपवून पुन्हा खाली गेले. आणि पुढच्याच आठवड्यात सुतार आला, भिंतीला छान गुळगुळीत प्लायवुड लागलं, वर पॉलिश. मला वाटलं, बाबांनी ऐकलं. बोलून दाखवलं नाही, पण माझ्यासाठी केलं. मैत्रिणींना मुद्दाम खाली नेऊन दाखवलं होतं मी ते.

काल संध्याकाळी आईला त्या प्लायवुडबद्दल विचारलं. ती मटार सोलत होती. "तेव्हाच्या मिस्त्रीनं हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "क्यारी हलवा म्हणाला. पण ह्यांनी ऐकलं नाही. झाडांनी मुळं धरलीत, फेब्रुवारीत गुलाबांचं प्रदर्शन आहे, भिंत झाकून टाका म्हणाले."

"मी दम लागतो म्हटलं, त्याच्या आधी की नंतर?"

"त्याच सुमारास," आई म्हणाली. दाणे पातेल्यात टाकून म्हणाली, "ह्यांच्यापुढं कोण बोलणार होतं?" आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

इतकी वर्षं मी समजत होते की तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या रागाची मला सवय झाली होती. कडक बाप, हट्टी बाप, पोरीचं खोटं वाटलं त्याला. असे बाप पुष्कळ असतात. पण तुम्हांला ते खोटं वाटलंच नव्हतं. तुम्हांला भिंत माहीत होती, पाणी माहीत होतं, माझा खोकला वरपर्यंत ऐकू येत होता, आणि माझी बारावी होऊन मी वर येईपर्यंत तुम्ही दोन वर्षं रोज सकाळी पाइप घेऊन त्या क्यारीत उभे राहिलात. दुसरं बक्षीस मिळालं तुम्हांला. मी त्रेचाळिसाव्या वर्षीही पर्समध्ये दम्याचा पंप ठेवते.

मिस्त्रीजी म्हणाले, सगळ्यात स्वस्त काम आधी करा: क्यारी काढा, मातीला भिंतीपासून उलटा उतार द्या, आणि उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा. त्याआधी तिला काहीही फासणं म्हणजे फुकट. म्हणून आज सकाळी मीच फावडं घेतलं. आई व्हरांड्यातून म्हणाली, "एखादं तरी कुंडीत लाव गं." नाही लावलं. सगळी मुळासकट काढली, एकूण नऊ. मोकळं वाटेल अशी कल्पना होती. हात ओरबाडले आणि दम लागला, बाकी काही नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला विचारलं होतंत, "तुला अजून दम लागतो का गं?" पाचच मिनिटांपूर्वी मी बाहेर जाऊन पंप ओढून आले होते. मी म्हटलं, "नाही बाबा, ते कधीच बरं झालं." तुम्हांला बरं वाटावं म्हणून मी तसं बोलले, असं आई अजून लोकांना सांगते. तसं नव्हतं. तुम्हांला पुढं काहीतरी बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. ते तुम्हांला बोलू द्यायचं नव्हतं मला.